उंदराचा कोट

६ फेब्रुवारी

चिंगे,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. महिनाभर तुझा पत्ता नाही.

फोन असताना मावशीला कागदाची हौस कुठून आली, असं म्हणशील. फोन तुझ्या काकांच्या खिशात असतो. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ते आवाज मोठा करून ठेवतात, आणि माझं घरगुती बोलणं खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं ऐकतात. शिवाय काही गोष्टी मला त्यांच्यासमोर बोलायच्या नसतात. त्यातली एक आज सांगते.

मला दवाखान्यातल्या त्या अभ्यासात घेतलं. एचआयव्ही अंगात घेऊन इतकी वर्षं एकही गोळी न खाता जी माणसं उभी आहेत, त्यांचं रक्त त्यांना हवंय. मध्यंतरी माझा पेशींचा आकडा घसरला होता आणि डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू करा म्हणून माझ्या नाकी नऊ आणले होते, आठवतं ना? मी ऐकलं नाही. तो आकडा आपसूक वर आला. बाई रिपोर्ट उलटासुलटा करून बघत होत्या. मी म्हटलं, रिपोर्ट सरळच आहे, तुम्ही मला उलटं समजलात.

रक्त तपासायला कुठं जातं म्हणून विचारलं, तर तुझीच प्रयोगशाळा. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. माझा एकशे सत्तावीस. आपल्या माणसाचं आहे, जरा नीट बघ.

काका आहेत तसेच. सकाळचा चहा तेच करतात, तेवढं एक काम मी त्यांना करू देते. जन्मभर पुलांचं लोखंड जोडलं, पण चहा काही साधत नाही. कडूजहर होतो. पत्ती बदलली, साखर वाढवली, फरक नाही. वर दारात उभं राहून बघतात, मी कप तळापर्यंत संपवला की नाही. मुकाट्याने पिते. सकाळी सकाळी कोण तोंड वाजवणार.

तुझी मावशी

१५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

धपाटा पोचला. आता माझा घे. नंबर तू मला सांगायला नको होता. आमच्याकडे नळी कुणाची हे कुणालाच कळू नये अशी सगळी व्यवस्था असते, आणि तू ती एका ओळीत मोडलीस. मी तो नंबर विसरायचा प्रयत्न करते आहे. जमेलसं वाटत नाही.

तरी तुझ्या रक्ताचं काय होतं ते सांगते, कारण ते सगळ्यांच्याच रक्ताचं होतं. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरतं, ते आम्ही घेतो. विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं त्यात असतात. एका प्लास्टिकच्या ताटलीत बारीक खळगे असतात, त्यांत एका ओळीने ते पाणी पातळ पातळ करत न्यायचं. मग प्रत्येक खळग्यात खोटा विषाणू घालायचा. खोटा अशासाठी, की तो पेशीत एकदा शिरू शकतो, पण पुढे त्याची पोरंबाळं होत नाहीत. दोघांना तासभर एकत्र ठेवायचं, मग वरून पेशी घालायच्या आणि दोन दिवस उबेत ठेवायचं. ज्या पेशीत विषाणू शिरला, ती पेशी एक द्रव घातला की उजेड देते. डोळ्यांना दिसत नाही इतका, पण यंत्राला दिसतो. उजेड कमी, म्हणजे प्रतिपिंडांनी विषाणूला दारातच अडवलं. ते पाणी किती पातळ केलं तरी उजेड निम्म्यावर येतो, ते आम्ही बघतो. जितकं पातळ करून चालतं, तितकं ते रक्त जोरदार. आम्ही अंधार झाला की खूश होणारी माणसं आहोत. घरी येऊन दिवा लावायला विसरते ती त्यामुळे नव्हे, आळसामुळे.

काका गोळ्या वेळेवर घेतात ना? तपासणीला जातात ना? ते विचारलं की नुसतं हं म्हणतात.

तुझी चिंगी

४ मार्च

चिंगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिवणाच्या बायकांना सांगितलं, माझं रक्त ताटलीत वाढतात. एकीने तोंड वाकडं केलं. तिचा ब्लाउज अर्धा बोट तंग शिवायचं मनात आलं होतं, पण धंदा आहे.

दवाखान्यातली नळ्या भरणारी बाई परवा म्हणाली, तुमचं रक्त सगळ्यांत भारी निघतंय म्हणे. असं तिने सांगायचं नसतं, पण तिच्या पोटात काही राहत नाही. त्या दिवशी मी घरापर्यंत चालत आले. रिक्षा केली नाही. चिंगे, तुला म्हणून सांगते, इतक्या वर्षांत या अंगाबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं. हे अंग मला कुणीतरी खराब करून दिलेलं होतं. त्याने स्वतःच्या हिमतीवर निस्तरलं.

गोळ्यांना नाही का म्हणते, हे तू दर वेळी विचारतेस आणि मी विषय बदलते. आज बदलत नाही. तुझे काका पुलाच्या कामावर दोन वर्षं बाहेर होते, आणि परत येताना हे घेऊन आले. मी भांडले नाही, माहेरी गेले नाही, त्यांना रोज दोन्ही वेळा जेवायला वाढलं. पण फडताळात त्यांचा गोळ्यांचा डबा असतो ना, त्याच्या शेजारी माझा डबा ठेवायचा म्हणजे त्यांनी दिलं ते मी घेतलं असं होतं. ते मला करायचं नाही. हट्ट म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

ते तपासणीला जात नाहीत. दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवरून डबा तेवढा घेऊन येतात. हल्ली खोकतात. त्यांच्या विजारी मी कमरेत दोनदा आत घेतल्या. वय झालं, दुसरं काय.

मावशी

१९ मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र मी दोनदा फाडलं. हे तिसरं आहे, आणि हेही नीट जमणार नाही.

तू शिवणारी आहेस, म्हणून तुझ्या भाषेत सांगते. आमच्या खोट्या विषाणूला एक कोट असतो. प्रतिपिंडं तो कोट ओळखतात आणि त्यालाच धरतात. दर वेळी आम्ही आणखी एक विषाणू ठेवतो, आतून अगदी तोच, पण त्याच्या अंगावर उंदराच्या एका विषाणूचा कोट चढवलेला. माणसाची प्रतिपिंडं त्याला ओळखत नाहीत. तो खुशाल पेशीत शिरायला हवा आणि भरपूर उजेड पडायला हवा. तसा पडला, की आम्हाला कळतं की पहिल्या ओळीतला अंधार खरा होता.

एकशे सत्तावीसच्या ओळीत उंदराचा कोट घातलेल्या विषाणूलाही उजेड नाही. मी नव्याने ताटली लावली, तरी नाही.

याचा अर्थ त्या रक्तात प्रतिपिंडांखेरीज असं काहीतरी आहे, जे कोट बघतच नाही. विषाणू पेशीत शिरल्यावर त्याचं आतलं यंत्रच बंद पाडतं. असं काम गोळ्या करतात.

मावशी, तू गोळ्या सुरू केल्या असशील तर मला आनंदच आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण अभ्यासाच्या कागदावर तू गोळ्यांपुढे ‘नाही’ असं लिहिलं आहेस. मला एकटीला खरं सांग. मी तुझ्यावर रागावणार नाही.

चिंगी

२७ मार्च

चि. सौ. शास्त्रज्ञ बाईंस,

रागावणार नाही म्हणालीस, उपकार झाले.

मी गोळी घेतलेली नाही. काल नाही, परवा नाही, कधीच नाही. तुझ्या दहावीच्या फ्रॉकला उसवलेली शिवण होती तेव्हा ती माझी चूक आहे हे मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. माझ्या तोंडून खोटं तू कधी ऐकलंस ते लिही, नाहीतर लिहू नकोस.

लोकांनी संशय घेतला तर समजू शकते. मी त्यांना वाढवलेलं नाही.

मावशी

२२ एप्रिल

प्रिय मावशी,

तू उत्तर लिहिणार नाहीस असं धरून हे लिहिते आहे.

मी आमच्या मॅडमना सांगितलं की त्या नळीचा माणूस मला माहीत आहे. त्यांनी मला त्या कामावरून बाजूला केलं, आणि ते योग्य झालं. मी बाजूला होण्याआधी त्यांनी एक गोष्ट माझ्यासमोर तपासली. दवाखान्याने तुझी दोन वर्षांपूर्वीची एक नळी गोठवून ठेवली होती. तिच्यात उंदराच्या कोटाला भरपूर उजेड पडला. आणि खऱ्या कोटाला अंधार. अगदी गडद नाही, पण होता. म्हणजे तुझी प्रतिपिंडं खरी आहेत, मावशी. ती तेव्हाही लढत होती. फक्त एकटी पुरी पडत नव्हती म्हणून आकडा घसरत होता. नंतर काहीतरी मदतीला आलं.

तू घेतलं नाहीस म्हणतेस. मी तुझ्यावर विश्वास ठेवते आहे, आणि ताटलीवरही ठेवावा लागतो. दोन्ही एकत्र बसत नाहीत, त्यामुळे मला झोप नाही. कुणी काही पावडर, शक्तीचं औषध, काढा असं देतं का? शिवणाच्या बायकांपैकी कुणी? आठवून बघ. तुझ्यावर आळ घेतला त्याबद्दल मला माफ कर. प्रश्न मात्र मागे घेता येत नाही.

चिंगी

८ मे

चिंगे,

तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसरं आहे कोण.

तुझ्या काकांना इस्पितळात ठेवलंय. आधी ताप, मग धाप. ते जिन्यावरच बसले आणि मला म्हणाले, तू पुढे हो, मी येतो. फुफ्फुसात पाणी आणि जंतू दोन्ही आहेत म्हणाले. इथला डॉक्टर तरुण आहे, तोंडाचा फटकळ. म्हणाला, या माणसाने गोळ्या घेतलेल्याच दिसत नाहीत, रक्तात विषाणू नुसता बुजबुजलाय. मी म्हटलं, डबा दर महिन्याला रिकामा होतो, मी माझ्या हाताने तो कचऱ्यात टाकते. तो म्हणाला, मग डब्याने खाल्ल्या असतील. मला राग आला. ते पलंगावर डोळे मिटून पडले होते.

सकाळी जाते, संध्याकाळी येते. त्यांच्यावर मला अजून राग आहे, आणि त्यांचा श्वास लागला की माझाही लागतो. हे दोन्ही कसं होतं ते तुझ्या ताटलीला विचार.

पावडर, काढा काही नाही. मी खाते तेच ते खातात. आता चहा माझा मीच करते. तीच पत्ती, तेच पातेलं, साखर नेहमीची, तर इतका गोड झाला की अर्धा ओतून दिला. कडूपणाचा मागमूस नाही. म्हणजे दोष पत्तीचा नव्हताच. त्यांना चहा येत नाही हेच खरं.

ये म्हणत नाही. पण लिही.

मावशी

१३ मे

प्रिय काका,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. हे इस्पितळाच्या पत्त्यावर पाठवते आहे, मावशी घरी असेल अशा वेळी वाचा.

मावशीने लिहिलं की तुम्ही घरात नाही तेव्हापासून तिचा चहा कडू होत नाही.

मी तिच्या रक्तात औषध बघितलं आहे, आणि ती ते घेत नाही हेही मला माहीत आहे. तुमचा डबा रिकामा होतो, आणि तुमच्या रक्तात औषध नाही. मी तिच्यावर खोटेपणाचा आळ घेतला, काका. दीड महिना ती माझ्याशी धड बोलली नाही. ती खरं बोलत होती, ताटलीही खरं सांगत होती, आणि मधला माणूस माझ्या डोक्यातच आला नाही.

मला चुकीची ठरवा. नाहीतर डॉक्टरांना आजच सांगा आणि तुमच्या गोळ्या तुम्ही घ्या.

चिंगी

१८ मे

बाळ,

मला लिहायची सवय नाही. नर्सबाईंकडून पेन घेतलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. तिचा आकडा घसरला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मलाही बोलावलं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, त्या डब्यातलं मी खाणार नाही. आवाज चढवला नाही. भांडली असती तर मी काही बोललो असतो. मला समजलं की मी आहे तोवर ती घेणार नाही. मी खिडकीवर जाऊन तिच्या नावाने मागितल्या. ते म्हणाले, त्यांनी स्वतः यायला हवं. अर्धी अर्धी करावी असं मनात आलं. खिडकीवरच्या माणसाला आडून विचारलं. तो म्हणाला, अर्ध्या गोळीने औषधाची धार जाते, दोघांचंही वाटोळं होईल. मग एकच जण घेऊ शकत होता.

चमच्याच्या पाठीने कुटतो आणि चहात घालतो. तिचा आकडा वर आला तेव्हा ती इतकी खूश होती की मलाही पेढा देईल असं वाटलं. मला काही नको. माझ्यामुळे आलेलं आहे, माझ्याकडून जाऊ दे.

इथं नर्सबाई रोज एक गोळी हातावर ठेवतात. मी जिभेखाली धरतो आणि त्या गेल्या की रुमालात ठेवतो. बऱ्याच जमल्या आहेत. घरी गेलो की लगेच चालू करतो, तिचा खंड पडलाय त्याची काळजी वाटते.

तिला सांगू नकोस. ती लगेच बंद करेल. माझ्याशी बोलणं बंद करेल ते चालेल.

काका

२० मे

प्रिय मावशी,

हे बसून वाच. शिवण बाजूला ठेव.

काकांनी मला एक गोष्ट तुला सांगू नकोस म्हणून सांगितली आहे. मी ती सांगणार आहे. गप्प बसले तर तुमच्या दोघांपैकी एक जाईल, आणि तो कोण हे त्यांनी ठरवून टाकलं आहे.

तुझ्या रक्तातलं औषध त्यांचं आहे. ते स्वतःची गोळी कुटून तुझ्या सकाळच्या चहात घालत होते. आकडा घसरला त्या सुमारापासून, रोज. स्वतः एकही घेत नव्हते. म्हणून डब्याचा हिशोब बरोबर लागायचा आणि रक्ताचा लागत नव्हता. आता इस्पितळातली गोळीही ते गिळत नाहीत, तुझ्यासाठी रुमालात बांधून ठेवतात.

तुला न विचारता तुझ्या पोटात औषध घातलं, हे चूकच आहे. मी त्यांची बाजू घेत नाही. तू चिडशील, चीड. पण काका गेल्यावर चिडायला माणूस उरणार नाही. आणि तुझंही औषध अचानक तुटलं आहे, तेही धोक्याचं आहे. डॉक्टरीणबाईंकडे उद्याच जा.

आणखी एक. जुन्या नळीतला अंधार तुझा होता. तो कुणी चहात घातलेला नव्हता. तुझं अंग लढलं हे खरंच आहे, ते मी कुणालाही सांगेन.

मी रजा टाकली आहे. मिळाली की निघते.

तुझी चिंगी

२१ जून

चिंगे,

तू येऊन गेलीस, पण सगळा वेळ इस्पितळाच्या बाकावर गेला, आणि त्या बाकावर मला काही बोलता आलं नाही. आता लिहिते.

तुझं ते पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस इस्पितळात गेले नाही. शेजारणीला पाठवलं. फडताळातला त्यांचा कप फोडला. आपटून फोडला, पडला असं सांगणार नाही. रोज सकाळी मी मनातल्या मनात त्यांना चार शब्द ऐकवायची आणि ते दारात उभे राहून माझा कप बघायचे, हे आठवलं की मला माझीच लाज वाटायची, आणि मग लाज वाटते म्हणून पुन्हा राग यायचा. त्यांनी मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं. ज्या रक्ताचा मी इतका तोरा मिरवला, त्यातली अर्धी मेहनत त्यांची निघाली. ते मला पचत नाही, गं. अजून पचलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. रक्त तपासलं आणि माझ्या नावाच्या गोळ्या सुरू केल्या. अभ्यासातून माझं नाव काढायला मीच सांगितलं. नळ्या भरणाऱ्या बाईला वाईट वाटलं.

मग इस्पितळातल्या नर्सबाईला रुमालाचं सांगितलं. तिने उशीखालून काढला. आता ती गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहते आणि तोंड उघडायला लावते. ती कामावर नसते तेव्हा हे काम मी करते. कुणी सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला माहीत होतं त्यांना कशाची काळजी लागलीय, पण ते बोलायला तयार नव्हते आणि मीही नव्हते. इतक्या वर्षांची सवय आहे.

काल मी थर्मासमधून चहा नेला. डॉक्टरीणबाईंनी गोळी आख्खी गिळायला सांगितलीय, पण कालचा एक दिवस मी ती चमच्याच्या पाठीने कुटली आणि माझ्या कपात घातली. घोट घेतला आणि मला तिथंच रडू आलं. तीच चव. हुबेहूब तीच.

त्यांनी बऱ्याच दिवसांनी तोंड वळवलं. म्हणाले, "चहा कोण करतं हल्ली?"

"मीच," म्हटलं. "पण कडू होतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या कपाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. त्यांचा श्वास अजून तुटक आहे, आणि तो फटकळ डॉक्टर बरे होतील असं अजून कबूल करत नाही.

"ढवळून पी," म्हणाले. "तळाशी बसतं."

मी ढवळून प्याले.

तुझी मावशी